कडेची काठी

सलग तिसऱ्या दिवशी सकाळी बिझविक दारात आला आणि तेच बोलला, "वहिनी, काठी पाण्यात गेली. आता निघा. आईला घेऊन वर शाळेवर जा. घराकडे मी बघतो."

'घराकडे मी बघतो' म्हटलं की फायनेसीच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. घरात बघण्यासारखं होतं काय? दोन पातेली, एक खुडूक कोंबडी आणि गळकं छप्पर. बघण्यासारखं जे होतं ते घरामागे होतं. शिरे नदीच्या काठची काळी जमीन, तिच्या नवऱ्याची, जाफालीची. जाफालीला जाऊन चार पावसाळे झाले होते. विधवेच्या बाबतीत त्यांच्या सेना जमातीची रीत सरळ आहे. ती नवऱ्याच्या जमिनीवर राहील तोवर जमीन तिची. उठून गेली, की दिरांनी म्हणायचं, ती आपल्या पायांनी गेली.

"आणि भावजी, तुम्ही नाही येणार?" तिने विचारलं.

"होडी माझ्याकडे आहे. मी सगळ्यांत शेवटी निघेन."

"हो का? मग मीही सगळ्यांत शेवटीच निघेन."

आतून सासूचा आवाज आला. नासिबेको म्हातारीला दिसत कमी होतं, ऐकू मात्र सगळं यायचं. "मी मेल्यावर निघा दोघं. तोवर भांडत बसा."

फायनेसी उगाच संशय घेत नव्हती. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात ती याच दिराच्या शब्दावर शाळेत जाऊन राहिली होती, तीन आठवडे. परत आली तर तिच्या आणि त्याच्या शेतांमधली बोरूंची हद्द वाहून गेलेली, आणि बिझविकने नवे बोरू लावूनही टाकलेले. तिने सऱ्या मोजल्या. चार कमी भरल्या. "नदीने खाल्ल्या," बिझविक म्हणाला होता. हिच्या बाजूच्या चार खायच्या आणि त्याच्या बाजूची एकही नाही, एवढं कळणारी नदी मोठी शहाणीच म्हणायची.

आणि आता तोच माणूस रोज सकाळी काठीचं नाव सांगून तिला हाकलत होता.

त्या सहा घरांच्या वाडीत पुराचं सगळं काठीवर चालायचं. रेडिओ तर दर ढगाला पळा म्हणतो, त्याचं कोण ऐकणार? संध्याकाळी पाणी जिथवर आलं असेल तिथे, अगदी कडेला, एक काठी रोवायची. सकाळी ती कोरड्यात असेल तर नदी उतरली. पाण्यात असेल तर चढली. काठी रोवायचं काम बिझविकच्या बापाकडे होतं, आणि होडीबरोबर ते बिझविककडे आलं. एकाने रोवायची, सहा घरांनी मानायची. हेच फायनेसीला सलत होतं. रोवणाऱ्यावर नजर कोण ठेवतो?

त्या संध्याकाळी तिने ठेवली. कणसांच्या कणगीवर गवत सारखं करायच्या निमित्ताने ती शिडी चढून बसली. कणगी खांबांवर उंच होती, तिथून कड स्पष्ट दिसायची. बारीक पाऊस पडत होता. बिझविक आला. हातात हातभर काठी, लांबून दिसावं म्हणून डोक्याकडची साल सोलून पांढरी केलेली, आणि दुसऱ्या हातात दगड. तो वाकला आणि बराच वेळ ठोकत राहिला. मग सरळ उभा राहिला तेव्हा पाणी त्याच्या घोट्यांच्या वर होतं.

फायनेसीने डोळे पुसून पुन्हा पाहिलं. घोट्यांच्या वर! म्हणजे काठी कडेला नाही, चक्क पाण्यात रोवली. सकाळी ती पाण्यात दिसणारच. सापडला चोर.

"आत्याबाई, तुमचा लेक काठी पाण्यात रोवतो," तिने घरात येऊन सांगितलं.

"त्याच्या बापाचेही पाय रोज भिजायचे," म्हातारी म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

म्हातारी लेकाचीच बाजू घेणार, असं फायनेसीने मनाशी म्हटलं.

उजाडताच ती खांद्यावर कुदळ टाकून निघाली. काठी पोटरीभर पाण्यात होती, नुसतं पांढरं डोकं वर. पाणी गढूळ झालं होतं, फेस आला होता, उपटलेल्या लव्हाळ्याचे पुंजके भराभर वाहत होते. एरवी तिने ते पाहिलं असतं, काठावर जन्म गेला होता तिचा. पण तिचं लक्ष काठीवर होतं आणि काठीतून दिरावर. तिने काठी उपटली. कडेपासून वर दोन पावलं, घराएवढ्या उंच वारुळाच्या पायथ्याशी, कुदळीच्या पाठीने ठोकून बसवली. पांढरं डोकं कोरड्यात उभं राहिलं. त्याने पाच पावलं लबाडी केली, आपण दोनच परत घेतली, असा हिशोब करून ती घरी आली आणि चूल पेटवली. तिला फार बरं वाटत होतं.

शेजारची तेलेझा कडेला पोचली आणि तिने किलकारीच मारली. "अगं बाई, उतरलं की! फायनेसी, बघ ये, उतरलं!" आपल्या तीन शेळ्या तिने पहाटेच होडीत बांधल्या होत्या. त्या सोडून परत आणल्या. पोरं पाण्याच्या कडेला उड्या मारू लागली.

बिझविक आला आणि काठीकडे बघत उभा राहिला. "मी तर तिकडे, बोरूंपाशी..."

"मग काठी चालत आली का?" तेलेझा म्हणाली.

"भावजींना काल जरा जास्त झाली असेल," फायनेसी म्हणाली. सगळे हसले. बिझविकही हसला, पण ओशाळून. पलीकडच्या बेटावरून सकाळपासून ढोल वाजत होता, तिथले लोक होडी मागत होते. त्याने एकदा ढोलाकडे कान दिला, एकदा कोरड्या काठीकडे पाहिलं. "इथलं उतरलंय तर मी बेटावर जाऊन येतो," तो म्हणाला आणि होडी लोटली.

दुपारची न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, चुलीवर घोटत असताना पाणी चुलीत शिरलं. आधी वाफेचा फूत्कार झाला, मग राख तरंगली. फायनेसी बाहेर धावली. मक्याच्या निम्म्या सऱ्या दिसत नव्हत्या. काठी तर कुठेच दिसत नव्हती.

तिने म्हातारीला पाठीवर घेतलं आणि शिडी चढून कणगीवर बसवलं. तेलेझा पोरांना घेऊन वारुळावर चढली. तिथे दोन साप आधीच आले होते. ते आणि पोरं एकमेकांकडे बघत बसले. शेळ्या खालीच राहिल्या. त्यांचं ओरडणं एकेक करून थांबलं. तीन तास कणगीचे खांब हलत होते आणि फायनेसी दोन्ही हातांनी म्हातारीला धरून होती. आपण काय केलं हे तिला स्वच्छ कळलं होतं. भीतीपेक्षा ते कळणं वाईट होतं.

"आता तरी निघायचं का?" म्हातारीने विचारलं.

बिझविक परत आला तेव्हा त्याच्या तळहातांची सालटी निघाली होती. चार खेपा करून त्याने सगळ्यांना वर पोचवलं. माणूस एकही गेलं नाही.

शाळेच्या वर्गात तेलेझाने त्याला सर्वांदेखत धारेवर धरलं. "तुझ्या काठीने माझ्या शेळ्या बुडवल्या! माझी पोरं सापांबरोबर बसली होती, तुझ्या काठीपायी!" गावप्रमुखाने विचारलं, काय झालं? बिझविक खाली बघत म्हणाला, "काठी चुकीच्या जागी रोवली. चूक माझी." प्रमुखाने काठीचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. बापापासूनचं काम, दोन वाक्यांत गेलं.

नंतर हातपंपापाशी त्याने फायनेसीला गाठलं आणि शर्टाच्या आतून काठी काढली. वारुळाशी होडी लावताना वल्ह्याला लागली होती. पांढऱ्या डोक्यावर खोल चीर होती. "मी दगडाने ठोकतो. हा लोखंडाचा, कुदळीचा वण आहे," तो हळूच म्हणाला. "जाळून टाका, वहिनी."

फायनेसीने काठी घेतली, आणि लगेच एक विचार आला. हा गप्प का राहिला? आता हा आयुष्यभर मुठीत धरणार. "किती सऱ्या हव्यात तुम्हाला?" तिने विचारलं.

बिझविक म्हणाला, "तुम्हाला जमिनीवरून काढलं तर आईला ठेवू कुठे? माझ्या बायकोशी तिचं दोन दिवस पटत नाही."

"आणि त्या चार सऱ्या?"

"त्या मीच घेतल्या," तो म्हणाला. "वाटलं, तुम्ही मोजणार नाही."

"आणि काठी? माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी. घोट्यांच्या वर पाण्यात उभे होतात तुम्ही!"

"ठोकायला वाकलो तेव्हा कोरड्यात होतो, वहिनी. ठोकून होईपर्यंत पाणी घोट्यांवर आलं. म्हणून तर निघा म्हणत होतो." मग म्हणाला, "सऱ्या चोरतो माणूस. काठीला कोण हात लावतं?"

फायनेसीने काठी जाळली नाही. तशीच हातात घेऊन ती वर्गात गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "काठी मी हलवली. भावजींनी नाही." तेलेझाने आपली चटई उचलली आणि दुसऱ्या भिंतीकडे नेली.

तिला जमिनीवर ठेवायचं की नाही ते पाणी उतरल्यावर बघू, एवढंच प्रमुख म्हणाला.

संध्याकाळी फायनेसीने वाटणीच्या पिठाची न्सिमा केली, भोपळ्याचा पाला शिजवला आणि ताट मधोमध ठेवलं. काल-परवापर्यंत वाडीतल्या सगळ्या बायका एकाच ताटात हात घालत होत्या. आज ताटापाशी म्हातारी आणि ती, दोघीच. तेलेझाच्या धाकट्या पोरीने ताटाकडे पाहिलं, तर आईने तिचं तोंड दुसरीकडे वळवलं. वाफ निघून गेली, न्सिमाला वरून पापुद्रा आला.

तेव्हा बिझविक पुरुषांच्या घोळक्यातून उठला. बायकांच्या ताटात पुरुष जेवत नाहीत, तरी तो आला, हात धुतले आणि सोललेल्या बोटांनी पहिला गोळा तोडला. "मीठ कमी आहे," तो जरा मोठ्यानेच म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

फायनेसी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. याला काय हवंय, हे ती जुन्या सवयीने शोधत होती. तिथे भुकेशिवाय काहीच सापडलं नाही, आणि तिला रडू आवरेना.