जावातल्या विहिरीचे पाणी

मित्रांनो, मी एक जुनी फौजी पाण्याची बाटली आहे. पत्र्याची, वर निळा मुलामा आणि अंगावर खाकी लोकरीचा अंगरखा. माझा कारखाना मला आठवत नाही. आठवते ती बेळगावची छावणी. तिथे जवळच्याच हिंडलगा गावच्या यल्लाप्पाने मला खांद्याला अडकवले. तो मला रोज घासूनपुसून भरायचा.

१९४५ साली महायुद्ध संपले. यल्लाप्पाला वाटले, आता घरी जायचे. पण आमची पलटण जावा बेटावरच्या एका शहरात उतरली. तिथल्या लोकांनी स्वातंत्र्य जाहीर केले होते आणि डचांना आपले जुने राज्य परत हवे होते. डच हे इंग्रजांचे दोस्त, आणि आम्ही इंग्रजांच्या हुकमाखाली.

"हे भांडण कुणाचं रं?" यल्लाप्पाने जोडीदार मष्णूला विचारले.

"त्यांचं आन् डचांचं. आपल्यावानीच स्वराज्य मागत्यात ती. आन् गोळी झाडायची आपण!"

आठवड्याभरात शहरात लढाई पेटली. मष्णू जागीच गेला. यल्लाप्पाच्या मांडीत गोळी शिरली. तो सरपटत एका घराच्या परसात आला. मी कोरडी पडले होते. त्याला घोटभर पाणीही देऊ शकले नाही, याची मला आजही लाज वाटते.

घरातून एक बाई बाहेर आली. तिने त्याची वर्दी पाहिली, बंदूक पाहिली.

"पाणी, आक्का," यल्लाप्पाने मला पुढे केले.

ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तिने मला उचलले, विहिरीवर भरले आणि त्याचे डोके मांडीवर घेऊन त्याला पाजले. इतक्यात बांबूचे भाले घेतलेली माणसे गल्लीतून आली. ती बाई दारात आडवी उभी राहिली. काय बोलली ते आम्हाला कळले नाही. माणसे मात्र परत फिरली. दोन दिवस तिने त्याला जपले. लढाई थांबल्यावर पलटणीची माणसे न्यायला आली, तेव्हा यल्लाप्पाने तिच्या पायांना हात लावला. तिने मला पुन्हा काठोकाठ भरून दिले.

तो लंगडत घरी आला. त्याच्या आईने, नागुबाईने, ही हकिकत किती वेळा ऐकली असेल!

१९४७ च्या जुलैमध्ये गावच्या शाळेतल्या मारुतीराव गुरुजींनी वर्तमानपत्र वाचून दाखवले. डचांनी जावावर पुन्हा फौज घातली होती.

"आपुन सुटतोय. ती बाई अजून सुटली न्हाय व्हय रं?" नागुबाई म्हणाली.

मित्रांनो, परक्या भांडणात कुणी तुम्हाला उभे केले, तर भांडण कुणाचे ते आधी विचारा. दारात तहानलेला आला, तर मात्र तो कुणाचा ते विचारू नका. एका अनोळखी बाईने असे केले, म्हणून यल्लाप्पाचे हे घर आज भरलेले आहे.

पंधरा ऑगस्टला गावात झेंडा चढला. नागुबाईने काठीच्या पायथ्याशी दोन नारळ ठेवले.

"दोन कशाला गं?" यल्लाप्पाने विचारले.

"एक आपला," ती म्हणाली, "आन् एक तिचा."