दोघांनी बांधायचा साकव

साकव म्हणजे काय, हे हल्ली मला कुणी विचारत नाही. घरात विचारायला कुणी उरलेलं नाही, आणि बाहेरच्यांना वाटतं, ते त्यांना माहीतच आहे.

आमच्या आजोबांच्या वेळी साकव म्हणजे ओढ्यावर आडवा टाकलेला एक ओंडका. पाय घसरला की माणूस थेट खालच्या गावात निघायचा. आमचे आजोबा असेच वाहत गेले आणि येताना आजीला घेऊन आले. वडिलांनी एकाचे दोन ओंडके केले, वर फळ्या ठोकल्या, हाताला दोर लावला. तरी नाव साकवच. मग बांधकाम खात्याचे साहेब आले, त्यांनी शेजारी सिमेंटचा बांधला आणि फलकावर लिहिलं, साकव. त्यांच्या पुस्तकात म्हणे लहान पुलाला साकव म्हणतात. मी सांगायला गेलो की लहान-मोठं सोडा, पाणी चढायच्या आत जो सोडवून ठेवायचा आणि ओसरलं की पुन्हा बांधायचा, तो साकव. साहेब भला माणूस. त्याने मला चहा पाजून वाटेला लावलं.

एक गोष्ट मात्र त्याला सांगायची राहिली. साकव एकट्याने बांधता येत नाही. ओढ्याच्या मधोमध दगडांचा चौथरा असतो. अलीकडून एकाने ओंडके सरकवायचे, पलीकडून दुसऱ्याने. चौथऱ्यावर त्यांची टोकं एकमेकांवर चढली की दोर गुंडाळून दोघांनी एकाच दमात ओढायचं. एकट्याने ओढलं की ओंडके लोळतात आणि बसतात पाण्यात.

अलीकडचा मी. पलीकडचा दादा, माझा थोरला भाऊ. घरजावई होऊन तिकडे गेला तो तिकडचाच झाला. दादा डावखुरा. त्याची गाठ उलटी पडायची. मी दर वर्षी त्याला म्हणायचो की ही गाठ सोडवायला वकील लावावा लागेल. तो म्हणायचा, तुझी तर वाऱ्यानेच सुटते. एका वर्षी आम्ही भांडणाच्या भरात इतकं ओढलं, की दोन्ही काठ हातभर जवळ आले. मोजणीदाराला नकाशा बदलावा लागला. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा. तो वारला, पण विचारायला काय जातं.

म्हणजे वर्षातून दोनदा भेट ठरलेली, एक बांधायला, एक सोडवायला. बांधून झालं की वहिनी जेवायला वाढायची आणि मी मुक्काम ठोकायचो.

सिमेंटचा झाला आणि दादा म्हणाला, बरं झालं, आता कधीही येता येईल. मीही तेच म्हणालो. चार वर्षं झाली. कधीही येता येतं म्हणून ना तो आला, ना मी गेलो. भांडण नाही, तंटा नाही. मध्ये वहिनी गेली तेव्हा तेवढा जाऊन बसलो, तर माणसांच्या गर्दीत धड बोलणंही झालं नाही. इकडे माझी बायको आधीच गेलेली. सकाळी एक कप चहा करायचा, संध्याकाळी तोच कप विसळायचा.

यंदा पाणी ओसरलं आणि मी माळ्यावरून दोर काढला.

तीन दिवस मी माझ्या बाजूचे ओंडके गाठी मारून जोडत आणि सरकवत होतो. लोक सिमेंटवरून जाता जाता थांबायचे. रस्त्यावरच्या मुकादमाने विचारलं, आजोबा, हे काय चाललंय. म्हटलं, साकव. त्याने फलकाकडे बोट केलं. मी म्हटलं, त्या सिमेंटला वाचता येत नाही, तू मनावर घेऊ नकोस. तो हसत गेला. पण माझं लक्ष पलीकडे होतं. ओंडके चौथऱ्यापर्यंत पोचले, पुढे माझ्या हातात काही नव्हतं. दादा आला तर साकव, नाहीतर ओढ्यात अर्ध्यावर थांबलेलं एका म्हाताऱ्याचं खूळ. चौथा दिवस मी चौथऱ्यावर बसून काढला. पलीकडच्या वाटेवर कुणी फिरकलं नाही.

पाचव्या दिवशी पुतणी आली. सिमेंटवरून, चपला फटफटवत.

"काका, बाबा खिडकीतून बघताहेत चार दिवस. शिव्या देताहेत."

"कुणाला?"

"तुमच्या गाठींना. कंबर धरलीय त्यांची वर्षभर, काठीशिवाय उठत नाहीत."

वर्षभर, आणि मला पत्ता नाही. का कळवलं नाही म्हणून विचारलं, तर म्हणाली, बाबा रोज म्हणायचे, पूल आहे, येईल तो.

दुपारी तिने काठावर खुर्ची मांडली आणि दादाला आणून बसवलं. निम्माच उरला होता. तिकडचे ओंडके तिने सरकवले, चौथऱ्यावर येऊन दोर धरला. दादा खुर्चीतून ओरडत होता, डाव्या हाताने, डाव्या. एकाच दमात ओढलं. गाठ पडली ती उलटीच. पोरीने बापाकडून नेमकं तेवढंच घेतलंय.

वर फळ्या टाकून झाल्या तसा मी त्यांवरून पलीकडे गेलो, खुर्चीपाशी जमिनीवर बसलो. दादाच्या मनगटावर घड्याळ सैल झालं होतं, सारखं कोपराकडे घसरत होतं.

पाणी चढायला अजून सात महिने होते. मी मनात हिशोब केला, मग पुन्हा त्या घड्याळाकडे पाहिलं.

"यंदा पाणी लवकर चढणार आहे," मी म्हटलं. "पुढच्या आठवड्यात सोडवावा लागेल."

दादाने स्वच्छ आभाळ पाहिलं, घोटाभर पाणी पाहिलं. सत्तर वर्षं माझ्या थापा ऐकलेला माणूस.

"आठवडा कशाला थांबतोस," तो म्हणाला. "परवाच ये. धोका नको."