चौदा किलो

महेंद्रच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा त्याच्या बायकोचा, मेघाचा, रक्तगट जुळला नाही. थोरल्या बहिणीचा, शालनचा, जुळला. कल्याणच्या डॉक्टरांनी कागद वर-खाली केले, मग शालनकडे बघितलं.

"वजन किती?"

"शहाऐंशी."

"बहात्तरवर आणा. साखरही काठावर आहे, वजनाबरोबर तीही उतरेल. मग पुढच्या तपासण्या करू."

शालन शहापूर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी चालवायची. महिन्यातून एकदा गावातली सगळी पोरं वजनकाट्याच्या झोळीत बसवायची, रडणाऱ्याला खुळखुळा दाखवायचा आणि आकडा वहीत मांडायचा, यात तिची अठरा वर्षं गेली होती. शंभर ग्रॅम वाढलं की तिला बरं वाटायचं. आता तिला स्वतःचा आकडा उतरवायचा होता. पोरं खिचडी खाऊन घरी गेली की ती गरोदर बायांच्या काट्यावर उभी राहायची आणि मदतनीस पारूला म्हणायची, "तू जरा बाहेर बघ गो."

पारू दारात पाठमोरी उभी राहायची. आकडा तिला कधी विचारावा लागला नाही. बाईंचा चेहरा पुरायचा.

शालनने भात सोडला. भाताच्या मुलखात भात सोडणं म्हणजे पंगतीतून उठण्यासारखंच. नाचणीची एक भाकरी, पालेभाजी, ताक. पहाटे उठून शाळेपासून फाट्यापर्यंत चालायचं आणि परत यायचं. पहिल्या महिन्यात चार किलो उतरले. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात काटा हललाच नाही, आणि त्या महिन्यात ती कुणाशीच धड बोलली नाही. नवरा, इंद्रजीत, आसनगावहून लोकलने कामावर जायचा. एकदा डबा भरताना तो म्हणाला, "एखाद दिवस खाल्लास तर काय होतंय?" तिने झाकण असं लावलं की त्याने परत विषय काढला नाही. पोटात खड्डा पडला की ती महेंद्रचा चेहरा आठवायची. डायलिसिसवर असल्यामुळे त्याला दिवसाला दोनच पेले पाणी. त्याच्या तहानेपुढे आपली भूक काय?

गावाला मात्र हे कळत नव्हतं. "काय शालन, काय दुखनं लागलं?" नळावर बाया विचारायच्या. एकीने तर हळूच विचारलं, घरात काही भांडण आहे का. जाडी होती तेव्हा ती खात्यापित्या घरची होती. आता गळ्याची हाडं दिसायला लागली तर लोकांना दया यायला लागली.

आणि तिला स्वतःला काय दिसत होतं? जानेवारीत मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत ते कळलं. घोंगड्यांच्या दोन दुकानांमध्ये चांगली ऐसपैस वाट होती, तरी शालन सवयीने अंग तिरकं करून निघाली, पोट आत ओढून, पदर सावरून. मागून मेघा हसली. "ताई, बैल जाईल एवढी वाट आहे. सरळ चला ना." शालन सरळ चालली, पण चोरासारखी. लहानपणापासून तिला सगळे 'जाडी' म्हणत. बाकावर बसली की शेजारची पोरगी उठायची. काटा पुन्हा हलला होता, एकूण तेरा किलो गेले होते. ती जाडी मात्र कुठे गेली नव्हती.

त्याच दुपारी बांगड्या भरताना कासाराने नेहमीपेक्षा लहान माप काढलं आणि ते तिच्या हातात सहज गेलं. तिला इतका आनंद झाला की ती घाबरली. भाऊ मरणाच्या दारात, आणि आपण हात वळवून बघतोय? तिने त्या बांगड्या उतरवल्या आणि घेतल्याच नाहीत.

फेब्रुवारीत काटा बहात्तरवर आला. शेवटच्या तपासणीत तिला गोड पाणी पाजलं, तासातासाने रक्त घेतलं. डॉक्टरांनी या वेळी कागद वर-खाली केले नाहीत.

"साखर आहेच. उतरली थोडी, पण आहे. तुमच्या आई-वडिलांना दोघांनाही होती ना? तुमची किडनी घेता येणार नाही, ताई. उद्या तुम्हालाच लागली तर?"

"पण मी वजन उतरवलं."

"म्हणूनच एवढ्यावर थांबली. हे असंच ठेवा."

महेंद्रचं नाव प्रतीक्षेच्या यादीत गेलं. घरी परतताना एसटी बदलायला उतरली तेव्हा मुरबाडच्या स्टँडवर तिने दोन वडापाव उभ्याउभ्या खाल्ले, मग तिसरा. चव लागली नाही. सगळ्यात वाईट म्हणजे तिला कुठेतरी हलकं वाटलं होतं, ऑपरेशन टळलं म्हणून. ते ती कुणाला सांगणार?

दुसऱ्या दिवशी ती चालायला उठली नाही. तिसऱ्याही नाही. भाताचं ताट समोर आलं की हात आपोआप जायचा. तीन आठवड्यांत कमरेला पुन्हा परकराची नाडी काचायला लागली. पारू फक्त एवढंच म्हणाली, "बाई, बसा जरा. खिचडी मी वाढते."

एका रविवारी सकाळीच महेंद्र मुरबाडहून एसटीने आला. चेहरा काळवंडलेला, हातावर सुयांच्या गाठी. ओसरीवर बसला तो बराच वेळ दमच खात राहिला.

"चालायचं बंद केलंस म्हनं," तो म्हणाला.

"कोनासाठी चालू? तुला तर नाय चालली ती किडनी."

"ताई, खरं सांगू? तू भाकर अर्धी करायचीस ना, मला वाटायचं तुझ्या ताटातली भाकर मीच खातोय. डाक्टर नाय म्हनला तेव्हा रडलो मी. पन त्या रात्री झोप लागली."

शालनने त्याच्याकडे बघितलं. म्हणजे यालाही हलकं वाटलं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले.

"आता साखर तुझी हाय," तो म्हणाला. "तुझ्यासाठी चाल."

"माझ्यासाठी मला कंटाळा येतो रे."

महेंद्र हसला. हसताना त्याला खोकला आला. "मग कंटाळत चाल. मी काय हौसेनं जातो कल्यानला? आठवड्यातून दोनदा कंटाळतच जातो. जातो, बस."

उन्हं तापायच्या आत दोघं निघाली. शाळा ओलांडली तोवर महेंद्रला धाप लागली. ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर तो टेकला. "तू जा पुढं. मी हाय इथं."

ती फाट्याकडे निघाली. पाय जड होते, मांड्या पुन्हा घासत होत्या, आणि कसलीही उमेद मनात नव्हती. समोरून सायकलवर गावातला धर्मा आला. "परत चालनं चालू का, बाई?" त्याने विचारलं. "बघू," ती म्हणाली. फाट्यावर क्षणभर थांबून ती मागे वळली.

परत आली तेव्हा महेंद्र कठड्याला पाठ लावून झोपला होता, तोंड अर्धवट उघडं. त्याच्यावर ऊन येत होतं. शालन त्याच्या अंगावर सावली पडेल अशी उभी राहिली. त्याला उठवावंसं तिला वाटलं नाही, आणि बसावं तर सावली हलली असती. म्हणून दुखऱ्या पायांवर ती तशीच उभी राहिली, त्याला जाग येईपर्यंत.