पेटीत राहिलेली चिलीम

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझे झाकण आता नीट बसत नाही, बिजागऱ्या हिरव्या पडल्या आहेत. बंदराच्या कचेरीमागच्या खोलीत, तुटक्या खुर्च्यांच्या शेजारी मी पडून असते. मित्रांनो, मला हलवलेत तर आत काहीतरी खडखडेल. ते काय आहे, ते सांगायलाच मी आज बोलते आहे.

धक्क्यावरच्या म्हाताऱ्या सुताराने मला घडवले. माझ्या अंगात लोखंडाचा एकही खिळा नाही, सगळे तांब्याचे आहेत. "लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी उडते," तो रंधा मारता मारता म्हणाला होता, "आणि हिला तर जन्मभर ठिणगीशी वैर धरायचं आहे."

तेव्हा आमच्या त्रिनिदाद बेटावर इंग्रजांचा अंमल होता आणि बंदरात पेट्रोलची जहाजे नुकतीच येऊ लागली होती. सरकारने नियम केले. असे जहाज गावापासून लांब, खडकापलीकडे नांगर टाकी. मग धक्क्यावरच्या काठीवर तांबडा बावटा चढे. बावटा वर आहे तोवर पाण्यावर विस्तव नाही, चूल नाही, दुसऱ्या होडीने जवळून जायचे नाही. सूर्य बुडायच्या आत काम बंद. आणि पडाव, म्हणजे माल उतरवायची सपाट होडी, घेऊन जहाजाकडे जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या काड्या, आपली चिलीम माझ्यात ठेवायची. परत आला की ज्याची त्याने उचलायची.

माझी राखण थिओफिल क्वामिना करी. उंच, सावकाश बोलणारा माणूस. छातीवर पितळी बिल्ला. पेटी रिकामी झाली म्हणजे सगळी माणसे किनाऱ्याला लागली, हे कुठल्याच नियमात लिहिलेले नव्हते. ते त्याचे त्याने शोधले होते. "साहेब बावट्याकडे बघतात," तो म्हणे, "मी पेटीत बघतो."

पडावावर नेस्टर नावाचा एक खलाशी होता. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, भारी चेष्टेखोर. रोज सकाळी त्या दोघांचे ठरलेले भांडण होई.

"नेस्टर, कानामागे काय आहे?"

"माझं डोकं आहे, हवालदार."

"डोकं असतं तर तिथं काडी लपवली नसतीस. टाक इकडे."

नेस्टर हसत काडी टाकी, वर मातीची चिलीम ठेवी. संध्याकाळी मात्र ती न्यायला तो पुष्कळदा मुद्दामच विसरे. दुसऱ्या दिवशी तेवढेच निमित्त होई. क्वामिनाशी गप्पा मारायच्या आणि उर्सुलीनच्या टोपलीतला तळलेला मासा उचलायचा.

ही उर्सुलीन जहाजावरच्या माणसांसाठी घरून जेवण शिजवून आणी. सगळे तिला तांती म्हणत. आमच्याकडे मावशीला तांती म्हणतात. तिचा नवरा समुद्रात बुडाला होता, प्रेत सापडलेच नव्हते. सर्व संतांच्या दिवशी, म्हणजे नोव्हेंबरातल्या ख्रिस्ती सणाला, सारा गाव आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतो. तिला थडगे कुठले? ती सुक्या भोपळ्याच्या वाटीत मेणबत्ती लावून पाण्यावर सोडी. त्या दिवशी बावटा वर असला, तर तिच्याही काड्या माझ्यात असत आणि ती निमूट थांबे.

त्या वर्षीही सर्व संतांच्या दिवशी जहाज आले. प्रत्येकाला लवकर सुटून स्मशानात जायचे होते. बंदराच्या मोठ्या साहेबांचे पाहुणे होडीतून येऊन बाहेर खोळंबले होते. "बावटा उतरवा. काम झालंच आहे," साहेब म्हणाले. झाले नव्हते. शेवटची पिंपे घेऊन एक पडाव अजून खडकाआड होता.

बावटा उतरला. क्वामिनाने माझे झाकण उघडले. आत दोनच वस्तू होत्या, उर्सुलीनच्या काड्या आणि नेस्टरची चिलीम.

"नेस्टर आलेला दिसला का गं, तांती?"

"त्याची चिलीम राहिली नाही असा दिवस आहे का? उद्या येईल न्यायला, आणि माझा मासा फुकट खाऊन जाईल."

क्वामिना हसला. त्याने चिलमीकडे पाहिले, मग रिकाम्या काठीकडे पाहिले. पुन्हा एकदा चिलमीकडे पाहिले. मग काड्या तिच्या हातात दिल्या आणि झाकण लावले.

मित्रांनो, मला आवाज असता तर मी त्याच वेळी ओरडले असते. पण पेटीला झाकण असते, जीभ नसते.

उर्सुलीनने मेणबत्ती लावून वाटी पाण्यावर सोडली. ओहोटी लागली होती. वाटी हळूहळू खडकाकडे गेली. तिकडे एक पिंप गळत होते, पाण्यावर पेट्रोलचा पातळ थर पसरला होता. पुढचे मी फार सांगणार नाही. पडावावर नेस्टरबरोबर चिलीम न ओढणारे दोघे होते, त्यांनी उड्या मारल्या, ते वाचले. नेस्टरला पोहता येत नव्हते.

चौकशीच्या वेळी मला टेबलावर ठेवले होते. "काडी कुणी पेटवली?" मोठ्या साहेबांनीच विचारले. उर्सुलीन उभी राहिली. क्वामिनाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू बस." मग तो म्हणाला, "काड्या माझ्या ताब्यात होत्या, साहेब. मी दिल्या. पेटीत चिलीम होती, ती मी पाहिली होती. दोष माझा."

"आणि बावटा कुणी उतरवला?" मागून कुणीतरी विचारले. कारकुनाची लेखणी तेवढ्यापुरती थांबली, मग पुढच्या ओळीवर गेली.

उर्सुलीनला शिक्षा झाली नाही. क्वामिनाचा बिल्ला मात्र काढून घेतला. तो दारातून बाहेर पडताना माझ्याकडे न पाहता गेला.

पुढे एकदा बिजागरी ठोकायला सुतार आला, त्याच्याकडून कळले. उर्सुलीन आता पाण्यावर मेणबत्ती सोडत नाही. तिला आता एक थडगे मिळाले आहे, नेस्टरचे. नवऱ्याची मेणबत्तीही ती तिथेच लावते. शेजारी क्वामिना उभा असतो. ती काडी ओढू लागली की तो म्हणतो, "थांब," आणि भोवतालची माणसे एकदा मोजून घेतो.

मग बंदरात पत्र्याची नवी पेटी आली, तिच्यावर क्रमांक रंगवला होता. मला इथे आणून टाकले. त्याचे मला दुःख नाही. वस्तू जुन्या होतात. पण मित्रांनो, एवढे ऐका. कुणी मोठ्याने सांगितले म्हणून काम संपले असे समजू नका. झाकण लावण्याआधी आत नीट पाहा, कुणाचे काही राहिले आहे का. आणि राहिले असेल, तर हसून सोडून देऊ नका. त्याचे नाव घेऊन हाक मारा.

कधी या खोलीत आलात तर मला खुशाल उघडा. आतली चिलीम मात्र उचलू नका. माझ्या हिशेबात तिचा धनी अजून किनाऱ्याला लागलेला नाही.