वाटी रिकामीच आण

मित्रांनो, जानेफळला सोजराबाईंच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या वरच्या फळीवर एक जुनी पितळेची वाटी पालथी पडलेली असते. ती मी. आता स्टीलच्या वाट्या आल्या आहेत. चकाकतात म्हणून त्यांचा काय तो तोरा! पण त्यांतल्या एकीनं तरी कधी मरणाच्या दारातून माणूस वाचताना पाहिला आहे का? मी पाहिला आहे. म्हणून बोलते.

माझा जन्म मेहकरच्या बाजारातल्या एका कासाराच्या हातून झाला. चांगली खोलगट, जाड काठाची, आतून कल्हईनं पांढरीशुभ्र होते मी. सोजराबाईंनी मला लग्नानंतर लगेच विकत घेतलं आणि शेजारी भाजी द्यायची वाटी म्हणून माझी नेमणूक केली. तुम्हांला ठाऊकच असेल, आपल्याकडे भरून आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. मी वरण घेऊन जायचे आणि वांगी घेऊन यायचे. चटणी नेली की गूळ आणायचा. मला या कामाचा मोठा अभिमान होता. घरातली दुसरी भांडी जन्मभर एकाच चुलीजवळ बसली, मी मात्र सारी आळी हिंडले.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शेजारच्या निवृत्तीचा भाजीचा मळा होता. त्याची बायको कोकिळा, हसरी, कामाला वाघ. तिला खोकला लागला तो हटेचना. अंगावरचं लुगडं काठीवर टाकल्यासारखं दिसू लागलं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि क्षय निघाला. "रोज गोळ्या घ्या, डाळ-दूध-भाजी पोटभर खा, विश्रांती घ्या. वर्ष-दीड वर्ष औषध चालेल. मध्ये सोडायचं नाही," असं त्यांनी बजावून सांगितलं.

क्षय म्हटल्यावर आळीनं तिच्या दारावरून जाणंच सोडलं. कालपर्यंत तिच्या मळ्यातली मेथी फुकट नेणाऱ्या बायाही दुसऱ्या बोळानं जाऊ लागल्या. माझा अस्सा संताप झाला होता! पण सोजराबाई कुणाला भीक घालणाऱ्या नव्हत्या. त्या रोज मला काठोकाठ भरायच्या. कधी मुगाचं वरण, कधी चवळीची उसळ, कधी मुगवड्यांची भाजी. स्वतः दुखरे गुडघे ओढत कोकिळेच्या दारात जायच्या आणि म्हणायच्या, "तुह्या ताटात ओतून घे वं, अन् गरम हाये तवर खाय." घरी आल्यावर मला उकळत्या पाण्याचं स्नान घडायचं. चटके बसायचे, पण तक्रार नव्हती.

मला परत देताना कोकिळा कधी रिकामी सोडत नसे. मळ्यातली दोन वांगी, कोथिंबिरीची काडी, काहीतरी घालायचीच. हळूहळू तिचा खोकला थांबला, गाल भरले. मला वाटलं, जिंकलो आपण!

मग उन्हाळा आला. विहीर आटली, मळा वाळला. घरात द्यायला काही उरलं नाही. एके दिवशी कोकिळेनं मला स्वच्छ पुसलं, जरा वेळ हातात धरलं आणि कागदाची एक पुडी माझ्यात ठेवली.

"मावशी, ह्या ताकदीच्या गोळ्या हायेत. मी बरी झाली आता. तुमच्या गुडघ्यायले कामी येतीन."

"तुले पुरतीन ना वं?"

"हाव. लय देल्ल्या दवाखान्यातून."

त्या दिवसापासून मी रोज भाजी घेऊन जायचे आणि गोळ्या घेऊन यायचे. सोजराबाई त्या श्रद्धेनं गिळायच्या. दोघींची एकमेकींवर माया किती, पण त्या मायेतच घात होता. पावसाळ्याच्या तोंडाशी कोकिळेचा खोकला उलटला. या वेळी रक्त पडलं.

निवृत्ती तिला घेऊन एस.टी.नं निघाला. सोजराबाईही हट्टानं सोबत गेल्या. शिदोरीत भाकरीबरोबर चटणी भरून मीही होते, म्हणून पुढचं सारं मला कळलं.

"गोळ्या रोज घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं. कोकिळेनं मान डोलावली. डॉक्टर कोड्यात पडले. "मग आजार उलटला कसा? गोळ्या लागू पडत नाहीत की काय?"

सोजराबाईंना राहवलं नाही. "नाई डाक्तरसाहेब, गोळ्या लय चांगल्या हायेत. म्या सोता खाऊन राह्यली. माहे गुडघे पाहा कसे मोकळे झाले."

कोकिळेनं पदरात तोंड लपवलं. डॉक्टर रागावले, पण आवाज चढवला नाही. "बाई, बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. औषध अर्ध्यात सोडलं की दबलेला रोग शिरजोर होतो, मग तेच औषध त्याला पुरत नाही. आता दुसरं देऊन पाहू, रोज सुईही टोचावी लागेल. लागू पडलं तर तुमचं नशीब. आणि आजी, या गोळ्यांचा गुडघ्यांशी काही संबंध नाही. तुमच्या गुडघ्यांना रोजचं चालणं हवं."

परतीच्या वाटेवर सोजराबाई एवढंच म्हणाल्या, "लेकीचं औषध खाल्लं वं म्या." आणि रडल्या.

दुसऱ्या दिवशी मला भरून त्या कोकिळेच्या दारात उभ्या राहिल्या. "आधी गोळी गिळ माह्यासमोर. मंग भाजी. अन् वाटी रिकामीच आन."

"रिकामी कशी देऊ, मावशी? लोक काय म्हनतीन?"

"लोकायले सांग, सोजरानंच तशी मागतली."

मित्रांनो, भरल्या वाटीचा मान मी जन्मभर मिरवला. पण ते लांबलचक दिवस मी रोज रिकामी परतले आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मी रिकामी आले म्हणजे कोकिळेची गोळी कोकिळेच्याच पोटात गेली. सोजराबाई माझ्यात डोकावून पाहायच्या आणि मगच त्यांच्या घशाखाली घास उतरायचा. थोडी ताकद आल्यावर दोघी संध्याकाळी मळ्यापर्यंत चालूही लागल्या, एक दम खात, दुसरी गुडघ्यांनी कुरकुरत.

औषध लागू पडलं. डॉक्टरांनी "आता गोळ्या बंद" म्हटलं, त्या संध्याकाळी कोकिळा स्वतः मला परत द्यायला आली. मळ्यात मेथी तरारली होती, तरी मी रिकामीच होते. मावशीचा शब्द तिनं मोडला नव्हता.

तेव्हा बाळांनो, माझं एवढं ऐका. आपल्या ताटातलं खुशाल वाटा, पण आपलं औषध कुणाला वाटू नका आणि दुसऱ्याचं घेऊ नका. बरं वाटलं म्हणून ते अर्ध्यावर सोडूही नका. ज्याचं त्यानं, डॉक्टर सांगतील तोवर घ्यावं.

सोजराबाईंनी त्या संध्याकाळी मला हातात घेतलं, आत पाहिलं आणि डोळे पुसून मला कोकिळेच्या हातात परत दिलं.

"आता बरी झाली ना तू? मंग मेथी घालून आन. रिकामी मी घेत नसते."