मानेवरचे चार ठिपके

बरणीच्या तोंडावर बांधलेल्या मलमलीला आतून तीन माशा चिकटून बसल्या होत्या. राखाडी, राठ केसांच्या. खाली पानात गुंडाळलेला कोष फुटला होता आणि आत नुसतं टरफल होतं. पतंग नव्हता. पतंगाचा पंखही नव्हता.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग बरणी टेबलावर ठेवली.

सव्वीस दिवसांपूर्वी सरूबाईने ही अळी आणली होती. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, तेव्हा ती आमच्या प्रयोगशाळेत कामाला होती. बरण्या धुवायच्या, पाला आणायचा, अळ्या सांभाळायच्या. एकतीस वर्षं आम्ही एकत्र काढली. आता दोघीही निवृत्त. ती सकाळी गोगाबाबा टेकडीवर फिरायला जाते आणि परतताना छावणी भागातल्या माझ्या घरी चहाला थांबते.

"बोरीवर व्हती, मॅडम. बघा बरं, वळखू येती का."

मला ओळखता येईना. काळपट अंग, चालताना पाठीची कमान, आणि मानेवर चार पांढरेशुभ्र ठिपके. आमचे हे गेल्यापासून दीड वर्ष मी पुस्तकांवरची धूळसुद्धा झटकली नव्हती. त्या दिवशी सगळी पुस्तकं खाली काढली. दुपारचं जेवण राहून गेलं. असे ठिपके कुठल्याच पानावर नव्हते.

माझी विद्यार्थिनी अश्लेषा पुण्याला संशोधन करते. तिला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "ठिपके विचित्र आहेत, मॅडम. नवी जातही असू शकेल. पण पतंग निघू द्या." अळीची पक्की ओळख पतंगावरूनच पटते, हे मीच तिला शिकवलेलं.

मग मला दुसरं काही सुचेना. पतंग नवा निघाला तर त्याला ह्यांचं नाव द्यायचं, असं मी ठरवून टाकलं. जे नाव मी जन्मात तोंडाने घेतलं नाही, ते छापून येणार होतं. सरूबाईला तसं सांगितलंही. अळी कोषात जाईपर्यंत ती रोज बोरीचा ताजा पाला आणत राहिली.

दार वाजलं. सरूबाईने उंबऱ्यातच चपला काढल्या आणि विचारलं, "निघाल्या का माशा?"

मी तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"तुला कसं कळलं?"

"ते ठिपके नव्हते, मॅडम. माशीची अंडी व्हती, अळीच्या मानंवर घातलेली. त्यातली पिल्लं अळीला आतून खात्यात. अळी आपली साधीच, एरंडावरची. बोरीवर बी येती कवा कवा."

एरंडावरची उंटअळी. दर वर्षी पहिल्या प्रात्यक्षिकाला मी हीच अळी मुलांसमोर ठेवत आले होते.

"माहीत होतं, तर बोलली का नाहीस?"

"गंमत म्हनून आनली व्हती. म्हनलं, अंडी बघून मॅडम हसतील. तर तुम्ही पुस्तकंच काढून बसल्या. वर सायबाचं नाव काढलं. मग कुठल्या तोंडानं सांगू?"

तिने बरणी उचलली, खिडकीशी नेऊन मलमल सोडली, माशा उडवून लावल्या आणि ती मोरीकडे गेली.

"सरूबाई," मी विचारलं, "कॉलेजात असं कधी झालं होतं? मी चुकले, आणि तू गप्प राहिलीस?"

तिने नळ सोडला आणि बरणी धुवायला घेतली.

"जाऊ द्या ना. पोरं पास झाली समदी."

मी वही उघडली. "इकडे ये. सांग, मी लिहिते."

"आता कशाला, मॅडम?"

"सांग."

पदराला हात पुसत ती आली. बस म्हटलं, तरी उभीच राहिली. प्रयोगशाळेतली कपाटं समोरच असावीत तसं तिने भिंतीकडे बोट केलं.

"तिसरं कपाट. वरची फळी, डाव्या अंगानं दुसरी बरनी. चिठ्ठीवर तुम्ही आंब्यावरची अळी लिवलीय. ती जांभळीवरची हाय, मीच काढून आनली व्हती. तिच्या शेजारची..."

मी लिहीत गेले. दुसरं पान भरलं आणि माझा हात थांबला. सरूबाई अजून तिसऱ्या कपाटापाशीच होती.