बाबांना आणायला गेलो तेव्हा

आमच्या बाबांचं कामच असं, की हसावं की रडावं कळू नये. डर्बनच्या किनाऱ्यावरच्या बाकांवर ‘फक्त गोऱ्यांसाठी’ असं रंगवायचं. अक्षर मोत्यासारखं. सात वर्षं बाकं रंगवली, पण टेकले एकदाही नाहीत. छातीत कळ आली त्या दिवशी पहिल्यांदा बसले, ते उठलेच नाहीत. वस्तीतले लोक म्हणाले, “दुमिसानीने एकदाचा कायदा मोडला, तोही आरामात बसून!”

आमच्यात माणूस जिथे मरतो तिथेच त्याचा जीव घुटमळत राहतो. बोरीची काटेरी फांदी घेऊन जायचं, त्याला हाक मारून उठवायचं आणि वाटेतलं सगळं सांगत सांगत घरी आणायचं. फांदी नेणाऱ्याने तोवर दुसऱ्या कुणाशी चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर मेलेला वाटेतच सुटतो. महिनाभर घरात भांडी आपोआप वाजत होती. बाबा अजून त्या बाकावर बसलेत आणि त्यांच्या मांडीवर कुणी गोरी बाई आइस्क्रीम खातेय, असं मला सारखं दिसे. मी फार घाबरले होते.

फांदी घेतली झोडवा आत्याने, बाबांच्या धाकट्या बहिणीने. अख्ख्या वस्तीत तिच्याइतकं तोंडाळ कुणी नव्हतं. तिच्या वतीने बोलायला मी, वय वर्षं नऊ.

तिने फांदी बाकावर टेकवली. “दादा, ऊठ. लोकांच्या बाकावर किती वेळ बसशील?” फांदी उचलताना तिचं मनगट एकदम खाली गेलं. बाबा फांदीवर आले होते.

तेवढ्यात गोरा पोलीस आला. “ए, बाकाला हात का लावतेस? पास दाखव!”

आत्याने काळ्यांना शहरात फिरायला लागणारा तो पास काढला आणि फांदीला म्हणाली, “दादा, हा लालतोंड्या पास मागतोय. जरा दम धर.”

“आणि ही झाडू कसली?”

“साहेब, ते माझे बाबा आहेत,” मी म्हणाले.

तो पोट धरून हसला. “मग बापाचा पास कुठाय?” त्याने फांदी हिसकावली आणि पास नसलेल्यांना पकडून नेणाऱ्या गाडीत भिरकावली.

 याच गाडीच्या भीतीने आत्या एकदा कोंबड्यांच्या खुराड्यात लपली होती. तिने आपला पास माझ्या फ्रॉकमध्ये कोंबला, रिकामे हात पोलिसापुढे धरले आणि माझ्याकडे पाहिलं.

मला कळलं काय बोलायचं ते. 

“साहेब, तिच्याकडे पास नाही.”

“आत्ता तर दाखवला!”

“नाही साहेब. धरा तिला.”

“वेडी आहे झालं,” म्हणत त्याने तिला आत ढकललं. गाडी सुटली. जाळीमागून आत्याचा आवाज आला, “दादा, सरक, मी आलेय. आता आपण डावीकडे वळतोय. पोरगी मागे राहिलीय, पण तू रडू नकोस. तिला घरची वाट ठाऊक आहे.”

मला वाट ठाऊक नव्हती.